राख, पाणी आणि ऊब : दिल्लीतील मराठी घरांच्या भांडी घासण्याचा इतिहास

गृहजीवनाच्या इतिहासात स्वयंपाकाला जे स्थान मिळाले, ते स्वयंपाकानंतरच्या कामाला मिळालेले नाही. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० साली प्रसिद्ध झाले, कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली. पदार्थ कसा करावा याची लेखी परंपरा मराठीत चांगली शतकभराची आहे. पदार्थ संपल्यावर उरलेल्या खरकट्या भांड्यांचे काय करावे, हे मात्र आईने मुलीला आणि सासूने सुनेला मोरीवर बसूनच शिकवले. त्यामुळे या कामाचा तपशील साधनांत विखुरलेला आढळतो. त्याला किती पाणी लागे, किती सरपण लागे आणि या दोहोंची बचत कोणाच्या श्रमांतून होत असे, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. दिल्लीसारख्या पाण्याची ओढ असलेल्या आणि थंडीत हात गोठवणाऱ्या शहरात ते टाळता येत नाहीत. महाराष्ट्रातून येथे आलेल्या कुटुंबांनी आपल्याबरोबर आणलेल्या सवयी येथल्या पाण्यापुढे, कोळशापुढे आणि पुढे गॅसपुढे कशा बदलल्या, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

आरंभी भाषेचीच साक्ष घेणे उचित ठरेल. मराठीत कपडे धुतात आणि भांडी घासतात. ‘धुणे’ हे नाम कपड्यांसाठी राखून ठेवलेले आहे. म्हणूनच ‘धुणीभांडी’ असा जोडशब्द करावा लागला. भांड्यांच्या बाबतीत पाण्याचे क्रियापद ‘विसळणे’ हे आहे, आणि त्यानंतर ‘निथळणे’ व ‘पालथी घालणे’ येते. हिंदीतही ‘मांजना’ आणि ‘खंगालना’ अशी हीच विभागणी आहे. ‘भांडी धुणे’ हा प्रयोग आज सर्रास ऐकू येतो. परंतु घासणे ही क्रिया मुळात जवळजवळ कोरडी होती आणि पाण्याचा प्रवेश शेवटी व थोडाच होत असे, ही गोष्ट जुन्या शब्दांनी जपून ठेवली आहे. घासण्याआधीचा एक टप्पाही शब्दांतच दिसतो. कलथ्याने भांडे खरवडून काढले जाई, आणि दुधाच्या पातेल्याची खरवड हा तर मुलांचा हक्काचा खाऊ असे. जे खाल्ले गेले ते धुवावे लागत नसे.

घासण्याचे मुख्य साधन म्हणजे चुलीतील राख. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट हा क्षार असतो. तो तेलातुपाशी मिळून काही अंशी साबणाचेच काम करतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की कोरडी राख तेलकटपणा शोषून घेते. राख टाकून काथ्याने किंवा नारळाच्या शेंडीने भांडे चोळले की ओशटपणा राखेबरोबर झडून पडतो आणि पाण्याला धुण्यासाठी फारसे उरत नाही. पितळ-तांब्याचा काळवंडलेला थर काढण्यासाठी चिंच, आमसूल किंवा लिंबाची साल असे. तेथे आम्लाचे काम असल्यामुळे नुसती राख पुरत नसे. चुलीवर चढवण्यापूर्वी भांड्याच्या बुडाला बाहेरून मातीचा पातळ लेप देण्याची रीत होती. काजळी त्या लेपावर बसे आणि लेपासकट निघून जाई. हे सर्व उपाय पाण्याची बचत म्हणून कोणी योजले नव्हते. पाणी आडातून शेंदून किंवा नदीवरून डोक्यावर वाहून आणावे लागत होते, एवढेच त्यांचे कारण पुरेसे होते.

राखेमुळे सरपण आणि पाणी यांचा हिशोब एकत्र बांधला गेला होता, हा या इतिहासातील कळीचा मुद्दा आहे. चुलीचा जाळ मुख्य भांड्याखालून निघून वैलावर जाई, आणि वैलावर ठेवलेले पाणी वेगळे सरपण न जाळता कोमट होई; तूपकट भांड्यांना तेच उपयोगी पडे. आंघोळीच्या पाण्याच्या बंबात गोवऱ्या, करवंट्या, चिपाडे असे हाताला येईल ते जळे, आणि त्याची राख दुसऱ्या दिवशी मोरीवर येई. भांड्यांचे पहिले विसळण, ज्यात अन्नाचे कण असत, ते गुरांच्या पुढे जाई. नंतरचे पाणी मोरीच्या तोंडाशी लावलेल्या अळूला आणि केळीला मिळे. कोकणात आणि देशावर परसातील अळू सहसा मोरीच्या पाण्यावरच वाढत असे. राखमिश्रित पाणी झाडाला अपाय करीत नाही, उलट पालाश पुरवते. उष्णता, राख, पाणी आणि पीक असे हे वर्तुळ होते, आणि त्यातील एक दुवा बदलला की बाकीचे सुटून पडणार होते.

याचा अर्थ जुन्या काळी पाणी नेहमीच काटकसरीने वापरले जाई, असा घेतल्यास चूक होईल. सोवळ्याओवळ्याचा कडकपणा जेथे होता तेथे पाणी मुबलक ओतले जाई. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये आपल्या वडिलांच्या सोवळ्याचे जे चित्र रेखाटले आहे, त्यात बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू, मीठसुद्धा, धुऊन घेतली जाते. दुसऱ्या टोकाला ज्यांना सार्वजनिक पाणवठ्याला हात लावण्याचीच बंदी होती, त्यांच्या घरची काटकसर ही निवड नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्यावर जो सत्याग्रह केला, त्याचा विषय पिण्याचे पाणी हा तर होताच. पण घरात येणारा प्रत्येक हंडा, मग तो भातासाठी असो की भांड्यांसाठी, त्या बंदीने मोजला जात होता. ‘आपल्या पूर्वजांची काटकसर’ असा सरसकट शब्दप्रयोग करणाऱ्यांनी कोणाचे पूर्वज, हे आधी सांगावे हे बरे. भांडी घासण्याचे काम सर्वथा टाळण्याचा उपायही याच समाजात होता, तो म्हणजे पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण. पंगतीच्या जेवणाला ना पाणी लागे ना राख. दिल्लीत ‘दोना-पत्तल’ म्हणून ओळखली जाणारी ही वस्तू प्लास्टिकच्या ताटल्यांनी मागे सारली होती. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या ठरावीक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आल्यावर तिच्याकडे पुन्हा पाहिले जाऊ लागले.

दिल्लीच्या पाण्याचा इतिहास महाराष्ट्रातील नदीकाठच्या गावांपेक्षा निराळा आहे. शाहजहानाबादेत यमुनेचे पाणी कालव्याने खेळवले होते. तो कालवा अठराव्या शतकात कोरडा पडला, इंग्रजांनी १८२०च्या सुमारास दुरुस्त केला आणि पुढे पुन्हा निकामी झाला. विहिरी होत्या, परंतु त्यांपैकी पुष्कळांचे पाणी मचूळ. मसाल्यांच्या बाजाराचे ‘खारी बावली’ हे नावच त्याची खूण आहे. नळाचे पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात आले, तोवर भिश्तीची मशक हेच घरोघरचे नळ. या मचूळ, जड पाण्याचा भांड्यांशी थेट संबंध आहे. जड पाण्यात साबणाला फेस येत नाही. त्यातील कॅल्शियमशी साबणाचा साका बनतो आणि भांड्यावर पांढरा थर राहतो. राख व माती यांना ही अडचण नाही. जेथे पाणी जड, तेथे साबणापेक्षा घर्षणावर भर, हे व्यवहारज्ञान दिल्लीकरांना रसायनशास्त्राच्या पुस्तकाशिवाय होते.

१२ डिसेंबर १९११ रोजी राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस नेण्याची घोषणा झाली आणि फेब्रुवारी १९३१मध्ये नव्या दिल्लीचे उद्घाटन झाले. सरकारी कचेऱ्यांबरोबर जी नोकरदार कुटुंबे प्रांतोप्रांतीहून आली, त्यांत मराठी कुटुंबेही होती. स्वातंत्र्यानंतर त्यांची संख्या वाढली. पहाडगंज आणि करोलबाग ही त्यांची जुनी ठाणी. पहाडगंजातील नूतन मराठी विद्यालय आणि बृहन्महाराष्ट्र भवन ही त्या वस्तीची आजही दिसणारी चिन्हे आहेत. लोदी कॉलनी, विनयनगर (म्हणजे पुढचे सरोजिनीनगर), सेवानगर, रामकृष्णपुरम येथील सरकारी क्वार्टर्समध्ये राहणाऱ्या कारकुनाच्या घरात नळ होता, पण तो सकाळ-संध्याकाळ ठरावीक वेळीच वाहणारा. आणि परसातली अळूची पट्टी नव्हती. सांडपाणी गटारात जाई आणि तेथून यमुनेकडे. वर्तुळाचा पहिला दुवा असा तुटला.

दुसरा दुवा इंधनाचा. दिल्लीच्या मध्यमवर्गीय घरात लाकडाच्या चुलीऐवजी दगडी कोळशाची अंगीठी होती. संध्याकाळी ती दारात पेटवून धूर गेल्यावर आत आणायची, हा हिवाळ्यातील नित्याचा देखावा. अंगीठीतही राख होतीच, आणि ती भांड्यांना वापरलीही जाई. परंतु लाकडाची राख आणि दगडी कोळशाची राख यांत महत्त्वाचा फरक आहे. कोळशाच्या राखेत मुख्यतः वाळूसारखी खरखरीत द्रव्ये असतात, क्षार फारच थोडे. ती घासते, पण तेल तोडत नाही. शिवाय पितळेच्या भांड्यावरची कल्हई ती लवकर झिजवते. म्हणजे राख हाती असूनही तिचा अर्धा गुण हरवलेला होता, आणि तो धुण्याच्या सोड्याने किंवा गरम पाण्याने भरून काढणे भाग होते.

त्यातच दिल्लीची थंडी. पुण्यामुंबईच्या गृहिणीला ज्याची कल्पना नसते, ती गोष्ट जानेवारीत येथे रोज समोर येते : ताटावरचे तूप आणि वनस्पती तूप जेवण संपेपर्यंत थिजते. वनस्पती तुपाचा वितळबिंदू शरीराच्या तापमानाच्या आसपास असतो. सकाळचे तापमान सात-आठ अंशांवर आले की ते मेणासारखे चिकटते. गार पाण्याचा कितीही मोठा प्रवाह त्यावरून गेला तरी ते निघत नाही. अशा वेळी पाणी वाचवावे तर ऊब खर्च होते, ऊब वाचवावी तर पाणी आणि हात. महाराष्ट्रात वैलावरच्या कोमट पाण्याने हा पेच सुटला असता. अंगीठीला वैल नव्हता. जेवण झाल्यावर विझत चाललेल्या निखाऱ्यांवर पाण्याचे पातेले ठेवून देणे, हा त्यावरचा सरळ उपाय होता. त्यात नवे इंधन जळत नसे, म्हणून तो वैलाचाच वारस म्हणावा लागेल.

पाणी वाचवण्याला एक मर्यादा आहे आणि ती दिल्लीला फार कठोरपणे कळली. १९५५च्या पुरानंतर यमुनेच्या पात्राने दिशा बदलली आणि नजफगढ नाल्याचे मैलापाणी वजिराबादच्या पाणी उचलण्याच्या ठिकाणापर्यंत मागे आले. डिसेंबर १९५५ ते जानेवारी १९५६ या काळात शहरात काविळीची जी साथ पसरली, तीत सुमारे २९ हजार लोक कावीळ होऊन आजारी पडले. पाण्यातील क्लोरिन वाढवल्यामुळे विषमज्वरासारखे जिवाणूजन्य रोग फारसे बळावले नाहीत, पण विषाणू निसटला. तो हेपटायटिस-ई हा होता, हे जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून पुष्कळ वर्षांनी निश्चित झाले. वजिराबादचा बंधारा १९५९ साली झाला. भांड्यांच्या दृष्टीने यातून निघणारी गोष्ट साधी आहे : घासण्याचे पाणी कसलेही चालेल, शेवटच्या विसळण्याचे चालणार नाही. एकाच बादलीत सगळ्या घराची भांडी बुडवून काढणे ही बचत नव्हे. जुन्या रीतीत भांडी घासून एका बाजूला रचली जात आणि मग तांब्याने वरून थोडे थोडे स्वच्छ पाणी घेऊन विसळली जात. खालच्या भांड्याला वरच्याचे ओघळते पाणी आयते मिळे आणि शेवटचा तांब्या त्याच्यावरही स्वतंत्र पडे. नदीच्या काठी ही रीत सवयीची होती. साथीच्या शहरात तिला आरोग्याचे कारण मिळाले.

यानंतरचा बदल तीन वस्तूंनी घडवला आणि तो वीसेक वर्षांत पुरा झाला. स्वयंपाकाचा गॅस भारतात १९५५ साली बर्मा-शेल कंपनीने मुंबईत आणला. साठ-सत्तरच्या दशकांत तो इतर शहरांच्या मध्यमवर्गात पसरला. त्याच सुमारास स्टेनलेस स्टीलची भांडी घराघरांत आली. दिल्लीतील वजीरपूरचा औद्योगिक भाग पुढे याच धातूच्या कारखान्यांसाठी ओळखला जाऊ लागला. तिसरी वस्तू म्हणजे भांड्यांची पावडर आणि नंतर वडी. विमची वडी १९९३ साली बाजारात आली. या तिन्ही गोष्टी स्वतंत्रपणे स्त्रियांच्या सोयीच्याच होत्या, यात शंका नाही. धूर गेला, कल्हईवाल्याची वाट पाहणे गेले, चिंचेने हात काळे होणे गेले. ज्यांनी अंगीठीच्या धुरात डोळे चोळले, त्यांना ‘राखेचे दिवस बरे होते’ असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही.

पण हिशोब बदलला. गॅसला राख नाही, म्हणून मोरीवर घासण्याचे साधन विकत आणावे लागले. साबणी द्रव्य राखेसारखे झडत नाही. ते पाण्यानेच काढावे लागते, आणि फेस जाईपर्यंत भांडे स्वच्छ झाले असे हाताला वाटत नाही. बसायच्या मोरीची जागा उभ्याच्या ओट्यातील सिंकने घेतली. मोरीवर बसलेल्या बाईजवळ बादली असे आणि बादली रिकामी होताना दिसे; सिंकवरचा नळ रिकामा होताना दिसत नाही. मध्यम उघडलेल्या नळातून मिनिटाला सात लिटर पाणी धरले, तर पंधरा मिनिटांत शंभराहून अधिक लिटर जाते. भारतीय मानकाच्या आधारे स्थापत्यशास्त्राच्या पुस्तकांत माणशी दररोज १३५ लिटरांची जी विभागणी दिली जाते, तीत आंघोळीला ५५, शौचालयाला ३०, कपड्यांना २० आणि भांड्यांना १० लिटर धरलेले आहेत. पाच माणसांच्या घराला म्हणजे ५० लिटर. उघड्या नळाखाली हा दिवसभराचा वाटा सकाळच्या भांड्यांतच संपतो. दिल्लीत २०१५ पासून मीटर असलेल्या घराला महिन्याला २० हजार लिटर पाणी मोफत देण्याची योजना लागू झाली. पाच जणांच्या घराला ते माणशी दररोज १३३ लिटर पडते, जवळजवळ मानकाइतकेच. मर्यादा ओलांडली की सगळ्याच पाण्याचे बिल येई, केवळ वरच्याचे नव्हे. त्यामुळे काटकसरीला किंमत होती ती फक्त त्या एका रेषेजवळ. तिच्या बऱ्याच खाली असलेल्या घराला नळ बंद करण्याचे आर्थिक कारणच उरत नव्हते.

उर्जेचा हिशोब पाण्यापेक्षाही कमी ओळखीचा आहे. दिल्लीच्या चौथ्या-पाचव्या मजल्यावर, म्हणजे सुमारे १५ मीटर उंचीवर, पाणी चढवायला वीज लागते आणि तीच लोकांच्या मनात असते. प्रत्यक्षात १५ लिटर पाणी तेवढे वर चढवायला पंपाची निम्मी ऊर्जा वाया जाते असे धरूनही साडेचार किलोज्यूलच्या आतच भागते. तेच पाणी २५ अंशांनी तापवायला सुमारे १,५७० किलोज्यूल लागतात, म्हणजे साडेतीनशे पट. विजेच्या गीझरवर हे साधारण अर्धा युनिट होते. गॅसच्या शेगडीवर तापवले आणि जाळाचा साठ टक्के भाग पाण्याला मिळाला असे मानले, तर रोज ५५ ते ६० ग्रॅम गॅस, महिन्याला पावणेदोन किलोच्या आसपास, १४.२ किलोच्या सिलिंडरचा आठवा हिस्सा केवळ भांड्यांच्या कोमट पाण्यावर. म्हणून भांडी घासण्यात इंधन वाचवायचे म्हणजे मुख्यतः गरम पाणी वाचवायचे. गरम पाणी लागते ते ओशटपणा सोडवायला, विसळायला नव्हे. उघड्या गीझरच्या नळाखाली विसळणे ही दोन्ही खर्च एकदम करण्याची रीत आहे.

या बाबतीत बाहेरच्या देशांतील मोजमाप उद्बोधक आहे. जर्मनीतील बॉन विद्यापीठात २०००च्या दशकाच्या आरंभी निरनिराळ्या युरोपीय देशांतील लोकांना बारा माणसांची भांडी हाताने घासायला लावून मोजणी केली गेली. सरासरी शंभर लिटरांच्या आसपास पाणी आणि अडीच युनिट ऊर्जा खर्च झाली. यंत्राला त्याच्या कितीतरी कमी पाणी पुरले. या निष्कर्षाचा जाहिरातींनी भरपूर वापर केला. त्याच मोजणीत माणसामाणसांतील तफावत प्रचंड होती, काहींनी यंत्राइतक्याच पाण्यात काम उरकले होते, हे मात्र जाहिरातीत आले नाही. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या अभ्यासाने २०२० साली दाखवले की उघड्या नळाखाली घासण्यापेक्षा यंत्र बरे. परंतु एका टबात गरम साबणाचे पाणी आणि दुसऱ्यात विसळण्याचे गार पाणी ही दोन टबांची पद्धत कर्बवायूच्या दृष्टीने यंत्राहूनही सरस ठरते. पहिल्या भांड्यात कोमट, दुसऱ्यात गार, आणि शेवटी तांब्याभर स्वच्छ पाणी : विझत्या निखाऱ्यांवर पातेले ठेवणाऱ्या बाईला यात नवे वाटण्यासारखे थोडेच असते.

आतापर्यंत ‘बाई’ हा शब्द गृहिणी आणि मोलकरीण अशा दोन्ही अर्थांनी आला, आणि तो फरक आता करणे भाग आहे. पुण्यात १९८० साली घरकामगार स्त्रियांनी उत्स्फूर्त संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. दिल्लीत हे काम ‘झाडू-पोछा-बर्तन’ असे तुकड्यांनी ठरते. ते करणाऱ्या बहुतेक स्त्रिया बंगाल, झारखंड, बिहार, उत्तर प्रदेश येथून आलेल्या असतात. एका सकाळी चार-पाच घरे उरकायची असल्याने त्यांचा हिशोब मिनिटांचा असतो, लिटरांचा नव्हे. उघडा नळ वेळ वाचवतो; भांडे रचून तांब्याने विसळणे पाणी वाचवते आणि वेळ घेते. मालकिणीने गीझर बंद ठेवला की वीज वाचते आणि ती जानेवारीच्या गार पाण्यातील दुसऱ्या कोणाच्या बोटांवर वसूल होते. गमतीची गोष्ट नव्हे, पण नोंदण्यासारखी : पाणी जपून वापरण्याचा उपदेश ज्या बाईला ऐकावा लागतो, तिच्या स्वतःच्या घरी, संगम विहारसारख्या वस्तीत, टँकरच्या पाण्याचे ड्रम भरून ठेवलेले असतात. थोड्या पाण्यात भांडी काढण्याचे कौशल्य तिच्याजवळ असतेच. ते दुसऱ्याच्या सिंकवर वापरावे यासाठी तिला जास्तीची दहा मिनिटे मोजून द्यावी लागतील, आणि कोमट पाण्याची बादलीही.

मार्च २०२०मधील टाळेबंदीने हे दोन पक्ष काही काळ एकत्र आणले. मदतनीस येणे बंद झाले आणि गुडगाव, नोएडा, गाझियाबादच्या उंच इमारतींतील कुटुंबांना, पुरुषांसह, स्वतःची भांडी स्वतः घासावी लागली. बिल भरणारा आणि बोटे भिजवणारा एकच झाला. त्याचे दोन परिणाम दिसले. भांडी धुण्याच्या यंत्रांना मागणी आली, हे वृत्तपत्रांनी ठळकपणे नोंदले. आणि ‘प्रत्येकाने आपले ताट विसळून ठेवावे’, ‘एकाच भांड्यात शिजवून त्यातच वाढावे’ असे नियम, जे पूर्वी केवळ वसतिगृहांत असत, ते घरांत आले. यंत्र घेतलेल्या घरांनाही कढई आणि कुकर हातानेच घासावे लागले. मसाल्याचा आणि फोडणीचा स्वयंपाक यंत्राला पूर्णपणे मानवत नाही.

पाण्याची टंचाई आली की बादली परत येते, याचे दिल्लीतील अलीकडचे उदाहरण फेब्रुवारी २०१६चे आहे. हरियाणातील जाट आरक्षण आंदोलनात मुनक कालव्याची नासधूस झाली आणि शहराच्या मोठ्या भागाचा पुरवठा तुटला. लष्कराने कालव्याचा ताबा घेतला आणि २२ तारखेला दिल्लीतील शाळा बंद ठेवाव्या लागल्या. २०२४च्या उन्हाळ्यात पुन्हा टंचाई झाली, तेव्हा पाणी वाया घालवणाऱ्यास दोन हजार रुपये दंडाची घोषणा झाली. यमुनेची दुसरी बाजूही आहे. कालिंदी कुंजजवळ हिवाळ्यात नदीवर पांढरा फेस तरंगतो. त्यात घराघरांतील सांडपाण्यातून आलेल्या साबणी द्रव्यांचाही भाग असतो. जून २०२१मध्ये दिल्लीत भारतीय मानकाप्रमाणे नसलेल्या साबण व डिटर्जंटच्या विक्रीवर बंदी घालण्यात आली. विसळण्याचे पाणी कमी करायचे तर सर्वांत आधी साबण कमी घ्यावा लागतो, ही गोष्ट त्या फेसाकडे पाहताना अधिक स्पष्ट होते.

राजधानी परिसरातील मराठी घरांत, विशेषतः २०००नंतर नोकरीनिमित्त गुडगाव-नोएडात आलेल्यांच्या घरांत, आणखी एक पाण्याचा प्रवाह निर्माण झाला आहे. पिण्याचे पाणी शुद्ध करणारे आर.ओ. यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे सुमारे तीन लिटर खारट पाणी बाहेर टाकते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मे २०१९मध्ये, पाण्यातील विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तेथे ही यंत्रे बंद करावीत आणि इतरत्र किमान ६० टक्के पाणी उपयोगात यावे, असा आदेश दिला. ते पाणी झाडांना फारसे मानवत नाही, साबणाला फेस येऊ देत नाही, आणि स्टीलवर वाळू दिले तर ठिपके उमटवते. घासण्यापूर्वी खरकटे काढायला आणि कढई भिजत घालायला मात्र ते उत्तम चालते. अनेक स्वयंपाकघरांत यंत्राची बारीक नळी त्यासाठी सिंकखाली ठेवलेल्या बादलीत सोडलेली असते. ती दर काही तासांनी भरते, आणि कोणीतरी ती उचलून सिंकमध्ये रिकामी करते.